प्रकरण अभ्यास: लातूरचा रिपीटर विद्यार्थी, धातूची भीती आणि १२,६०० रुपयांचा कोर्स

लातूरच्या ट्यूशन एरियात माझा दवाखाना आहे. येणारे बहुतेक पेशंट सतरा ते वीस वयाचे, नीट-जेईईच्या बॅचमधले. ताप, पित्त, मेसच्या जेवणानं बिघडलेलं पोट, परीक्षा जवळ आली की छातीतली धडधड. त्यातल्याच एका मुलाचं प्रकरण इथं सविस्तर मांडतो आहे. त्याच्या परवानगीनं लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तरुण मुलांना लैंगिक आणि प्रजनन आरोग्याबद्दल कुठून कळतं, हा विषय निघाला की "मुलांना माहितीच मिळत नाही" असं म्हणून आपण मोकळे होतो. या मुलाला माहिती भरपूर मिळाली होती, चुकीची आणि बरोबरही. बरोबर माहिती तर तोंडपाठ होती. तरी त्यानं वडिलांनी ऊसतोडीसाठी घेतलेल्या उचलीतले १२,६०० रुपये एका भोंदूला दिले आणि झोप, जेवण, अभ्यास सगळं घालवून बसला.

तक्रार

वय एकोणीस. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातला. पहिल्या प्रयत्नात सरकारी एमबीबीएसची सीट थोडक्यात हुकली म्हणून रिपीटर बॅचला. चौघांत एक खोली, जेवायला मेस. आला तो सलाइन मागत आला. "सर, लई विकनेस आलाय. एखादी सलाइन लावा. वाचलेलं डोक्यात राहतच नाही."

नाडी, रक्तदाब, ताप, सगळं ठीक. वजन मात्र तीन महिन्यांत पाच किलो उतरलेलं, डोळे खोल गेलेले. झोप किती होते विचारलं तर त्यानं बाहेरच्या बाकाकडं बघितलं. तिथं त्याच्याच बॅचची चार पोरं बसली होती आणि माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी त्याला रात्री गर्दी ओसरल्यावर यायला सांगितलं. तो आला, आणि बसायच्या आधी म्हणाला, "दार लावू का सर?"

मग सांगायला लागला. स्वप्नदोष होतो. लघवीतून धातू, म्हणजे वीर्य, जातो. त्यामुळं स्मरणशक्ती गेली. उपचार चालू आहेत, पण फरक नाही. बॅगेतून त्यानं पुडी काढली. तपकिरी कागद, आत चंदेरी फॉइल, वर दोरा गुंडाळलेला. औषधाचं नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. कागदावर बॉलपेननं फक्त "सकाळ-रात्र, गार दुधातून" एवढं लिहिलेलं. महिन्याचा कोर्स ४,२०० रुपयांचा, असे तीन कोर्स झालेले. घरी सांगितलं होतं की टेस्ट सिरीजची फी भरायची आहे.

उपचारासोबत पथ्यही होतं. अंडं बंद, लसूण बंद, गूळ बंद, रात्रीचं जेवण अर्धं. पहाटे गार पाण्यानं अंघोळ. आणि एक गोष्ट त्यानं स्वतःच्या मनानं वाढवली होती. स्वप्नदोष पहाटेच्या झोपेत होतो असं कुठंतरी ऐकलेलं, म्हणून साडेअकराला झोपून तीनचा अलार्म लावायचा आणि त्यानंतर झोपायचंच नाही. हे अडीच महिने चाललं होतं.

तो कुठं कुठं शिकला

पुढच्या भेटींत मी त्याला एकच विचारत गेलो: हे तुला पहिल्यांदा कुणी सांगितलं? आणि त्याच्या आधी कुणी? या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

सुरुवात ऊसाच्या फडापासून होते. आई-वडील कारखान्यावर गेले की लहानपणी तोही सोबत जायचा. कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या, मागं मोठी पोरं बसायची, त्यांच्याकडून ऐकलं की हातानं केलं की नजर जाते, उंची थांबते, पुढं पोरं होत नाहीत. सातवी-आठवीत तो हंगामी वसतिगृहात राहिला. तिथं पहिल्यांदा झोपेत चड्डी ओली झाली. त्याला वाटलं हा आजार आहे आणि तो फडावरून आपल्यालाच लागला. रात्रीच हौदावर जाऊन कपडे धुतले आणि ओलेच घालून झोपला. पुढं कितीतरी महिने तो हेच करायचा. आसपासच्या दहा पोरांचं तेच चाललं असणार, पण एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही.

मग दहावी. आपल्याकडं विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये तिसरा धडा आहे, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २. त्यात स्त्री-पुरुष प्रजनन संस्था आहे, ऋतुचक्र आहे, जुळी कशी होतात ते आहे, प्रजनन आरोग्यही आहे. धडा चांगला आहे. त्याच्या शाळेत सरांनी वनस्पतींच्या फुलापर्यंत शिकवलं आणि पुढचं घरी वाचून घ्या म्हणाले. मुलींच्या बाकांकडं न बघता सगळ्या वर्गानं पानं उलटली. लातूरला आल्यापासून मी हा किस्सा वेगवेगळ्या तालुक्यांतल्या पोरांकडून इतक्यांदा ऐकलाय की त्यात एका शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. गावात राहून, पालकांना तोंड देत हा धडा उभ्यानं शिकवायचा तर शिक्षकाच्या मागं कुणीतरी उभं लागतं. २००५ साली केंद्रानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, तेव्हा विरोध होऊन २००७ मध्ये ज्या राज्यांनी तो थांबवला त्यांत महाराष्ट्र होता. त्या काळात नोकरीला लागलेल्या शिक्षकांनी त्यातून काय धडा घेतला असेल, याचा अंदाज करता येतो.

बारावी आणि नीटची तयारी हा पुढचा टप्पा, आणि मी थक्क झालो तो इथं. नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचे. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात मानवी प्रजनन आणि प्रजनन आरोग्य असे दोन सलग धडे आहेत. लातूरला हे पुस्तक ओळ न् ओळ पाठ करून घेतात. या मुलाचे हे दोन्ही धडे इतके पक्के की कुठलाही प्रश्न विचारा, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर सांगायचा. प्रजनन आरोग्याच्या त्याच धड्यात म्हटलंय की तरुणांनी गैरसमजांवर विश्वास ठेवू नये म्हणून शाळेत लैंगिक शिक्षण द्यायला हवं. ती ओळही त्याला पाठ होती.

मी विचारलं, "शुक्राणू कुठं तयार होतात?"

"सेमिनिफेरस ट्यूब्यूल्स."

"आणि वीर्यातला बाकी द्रव?"

"सेमिनल व्हेसिकल, प्रोस्टेट, बल्बोयुरेथ्रल ग्लँड."

"मग रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे कुठून आलं?"

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ते पुस्तकातलं आहे. हे माझं आहे."

हे वाक्य मी त्याच्या केसपेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवलंय. धडा शिकवताना त्याला एकदाही कुणी म्हणालं नव्हतं की बाबा रे, ही आकृती तुझ्या अंगाची आहे, यातलं तुला काही होत असेल तर ते असं असं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुस्तकात शुक्राणू आहेत, पण झोपेत ओली झालेली चड्डी नाही. मुलाला रात्री भीती वाटते ती चड्डीची.

मोबाईलनं उरलेलं काम केलं. एका रात्री त्यानं यूट्यूबवर शोधलं की स्मरणशक्ती कशी वाढवायची. तिथून ब्रह्मचर्याचे हिंदी व्हिडिओ, वीर्य म्हणजे ओज, एकदा गेलं की महिन्याची ताकद गेली वगैरे. पाहिलं की तसलंच आणखी समोर यायचं, आणि दोन-चार दिवसांत जाहिरातीही त्याच यायला लागल्या. पॉर्नही पाहिलेलं होतं. त्यातून आपण आकारात कमी आहोत, ही आणखी एक काळजी त्याच्या डोक्यात बसली होती. ती त्यानं मला फार उशिरा सांगितली.

शेवटी एसटी स्टँडच्या मुतारीतला स्टिकर. "गुप्त समस्या, खात्रीशीर इलाज, नाव गुप्त ठेवले जाईल" आणि खाली मोबाईल नंबर. रूम पार्टनर आधीच तिथं जाऊन आला होता, तोच याला घेऊन गेला. भोंदूनं काचेच्या ग्लासात लघवी करायला लावली, ग्लास उजेडात धरला आणि खाली बसलेला पांढरा गाळ दाखवून म्हणाला, बघ, धातू. वर हेही सांगून ठेवलं की ॲलोपॅथीचे डॉक्टर म्हणतील काही होत नाही, त्यांना यातलं कळत नसतं. म्हणजे माझ्याकडं यायचा रस्ता त्यानं आधीच बंद करून टाकला होता.

मी मुलाला विचारलं, माझा दवाखाना तुझ्या खोलीपासून चार मिनिटांवर, फी दीडशे रुपये. तू ४,२०० देऊन तिकडं का गेलास? त्यानं सांगितलं की तिथं नाव विचारत नाहीत, बाहेर कुणी बसलेलं नसतं, आणि आत गेल्यावर आपल्याला सांगावं लागत नाही, तोच आपलं सगळं सांगतो. तुमच्याकडं आधी कंपाउंडर मोठ्यानं विचारतो, काय होतंय.

पोरं कुणाला जास्त कळतं हे बघून जात नाहीत. कोण बोभाटा करणार नाही हे बघून जातात.

तपासणी आणि उपचार

परवानगी घेऊन तपासलं. जननेंद्रियं पूर्ण निरोगी. आकाराची काळजी बिनबुडाची होती, ती तिथंच मिटवली. लघवीत फॉस्फेटचे बारीक स्फटिक होते, जंतुसंसर्ग नव्हता. दिवसभर पाणी कमी पिणाऱ्याची लघवी ग्लासात ठेवली तर असा गाळ बसू शकतो, त्याचा वीर्याशी काही संबंध नसतो. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं. पुड्यांत काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा ॲलोपॅथीच्या गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडते, म्हणून लिव्हरची तपासणीही केली. ती ठीक आली. पुडी त्याच दिवशी बंद.

या त्रासाला मानसोपचारात धात सिंड्रोम म्हणतात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली हे नाव दिलं. अशक्तपणा, चित्त न लागणं, धडधड, उदासी, आणि या सगळ्याचं कारण वीर्य जाणं आहे ही ठाम समजूत. त्रास खरा असतो, कारण खोटं असतं. म्हणून "काही नाही रे, सगळ्यांना होतं" एवढं बोलून अशा मुलाला परत पाठवणं मला बरोबर वाटत नाही. त्याला खरंच काहीतरी होत असतं.

त्याला जे सांगितलं ते थोडक्यात असं. वयात आल्यावर शुक्राणू रात्रंदिवस तयार होत राहतात. साठलेला द्रव कधी झोपेत बाहेर येतो. कुणाला आठवड्यातून दोनदा, कुणाला महिन्यातून एकदा, कुणाला कधीच नाही, आणि हे सगळं निरोगीच. रक्ताचा थेंब त्यात जात नाही. एका वेळच्या वीर्यात जितकी प्रथिनं असतात त्याहून जास्त घोटभर दुधात असतात. हस्तमैथुनानं नजर, उंची, स्मरणशक्ती, पुढं मूल होणं, कशालाही धक्का लागत नाही. डॉक्टरकडं जायची लक्षणं वेगळी आहेत: लघवीला जळजळ, पू, जननेंद्रियावर फोड किंवा जखम, वृषणात दुखणं किंवा गाठ, वीर्यात रक्त.

ऐकून घेतलं त्यानं, पण पटल्यासारखा वाटला नाही. पटलं ते त्याच्याच वहीमुळं. तिसऱ्या भेटीला त्यानं जीवशास्त्राच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. डावीकडं तारखा, ज्या रात्री स्वप्नदोष झाला तिथं लाल ठिपका, उजवीकडं दर रविवारच्या टेस्टचे ७२० पैकी मार्क. ठिपका आला की मार्क पडतात, हे त्याला सिद्ध करायचं होतं. मी म्हणालो, चल, बघूच. ठिपक्यानंतर दोन दिवसांत झालेल्या टेस्ट एका बाजूला काढल्या, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. सरासरीत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. त्याचे सगळ्यात जास्त मार्क, ५४८, ठिपक्याच्या दुसऱ्याच दिवशीचे होते. मग मी विचारलं, तीनचा अलार्म कधी सुरू केलास? त्यानं पानावर बोट ठेवलं. घसरण बरोबर तिथून सुरू होत होती.

तो पान धरून बसून राहिला. म्हणाला, "म्हणजे झोपेनं गेलं सर."

उपचार म्हणाल तर अलार्म बंद, सात तास झोप, अंडी चालू, लोहाच्या गोळ्या, संध्याकाळी अर्धा तास चालणं. जीव द्यायचे विचार येतात का, हे मी अशा प्रत्येक मुलाला स्पष्ट विचारतो. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. त्याला मरून जावं असं कधीमधी वाटलं होतं, पण तसं काही ठरवलेलं नव्हतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात एकदा दाखवून घेतलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून दिला. दीड महिन्यात वजन साडेतीन किलो वाढलं, मार्क ५३० च्या घरात परत आले. भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. मोठ्या टेस्टच्या आधी एखादा ठिपका आला की अजून त्याचा मेसेज येतो, "सर, काही होत नाही ना?" मी उत्तर देतो, "काही होत नाही. झोप."

बहिणीचा फोन

प्रकरण इथं संपलं असतं. पण नंतर त्यानं वेगळाच प्रश्न आणला. धाकटी बहीण अकरावीला, आजीजवळ गावी राहते. गावात हरिनाम सप्ताह बसला होता आणि त्यातच तिची पाळी यायची होती. शेजारच्या काकूनं मेडिकलवरून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या. तिनं भावाला फोन केला, कारण दादा डॉक्टर होणार आहे. याला ऋतुचक्राची आकृती हार्मोन्सच्या आलेखासकट काढता येते. तिचा प्रश्न मात्र एवढाच होता: यानं पुढं मूल होत नाही का?

त्या गोळ्या बहुधा नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनच्या. वंध्यत्व येत नाही, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण त्या डॉक्टरच्या चिठ्ठीनंच घ्यायच्या. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांनी घ्यायच्या नाहीत, आणि प्रत्येक सणाला तर मुळीच नाहीत. त्यानं फोनवर तिला हे सांगितलं. मग तिनं आणखी विचारलं, पाळीत इतकं दुखतं की शाळा बुडते, हे चालतं का? त्यावर मी तिला ग्रामीण रुग्णालयात जायला सांगितलं. गावातल्या आशाताईंना का नाही विचारलं, तर त्या भावकीतल्या. संध्याकाळपर्यंत आजीला कळेल.

भाऊ लातूरला, बहीण बीड जिल्ह्यात, आणि दोघांचं गाऱ्हाणं एकच. बहिणीच्या बाबतीत घाई जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९ टक्के. आई-वडील सहा महिने फडावर, घरी तरणी मुलगी, म्हणून लग्न उरकून टाकायचं, हा हिशोब तिच्या घरातही चालू आहे. मुलानं आबांशी, म्हणजे वडिलांशी, बोलायचं ठरवलंय. माझा फोन नंबर त्यानं त्यांनाही दिलाय.

यंत्रणा कुठं होती

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ पासून आहे, वयोगट १० ते १९. आपल्याकडं त्याची मैत्री क्लिनिकं आहेत, तिथं समुपदेशन फुकट आणि गुपचूप मिळायला हवं. गावागणिक मुला-मुलींतूनच साथीदार निवडायचे, त्यांनी बाकीच्यांशी बोलायचं, अशीही योजना आहे. हा मुलगा त्या वयोगटात बसत होता. पण त्याचं नाव गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात आणि राहणं लातूरला. गावात कार्यक्रम झाला तर तो तिथं नाही, लातूरच्या यादीत तर तो कुठंच नाही. ट्यूशन एरियातली हजारो पोरं अशीच दोन्हीकडच्या कागदांतून सुटलेली आहेत. खासगी क्लासच्या वेळापत्रकात यासाठी तास नसतो. आठवड्यातला एक तास त्यांनी द्यावा असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी क्लासचालकांना भेटून सांगतो आहे. शिकवल्यानं पोरं बिघडतात ही भीती त्यांनाही वाटते. युनेस्कोनं २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास तपासून सुधारित मार्गदर्शिका काढली, त्यात लैंगिक शिक्षणामुळं मुलांचं लैंगिक वर्तन वाढत नाही असंच दिसतं.

माझ्या दवाखान्यात एवढं बदललं. कंपाउंडर आता फक्त नाव आणि वय विचारतो. केसपेपरवर एक चौकोन आहे, "डॉक्टरांशी एकट्यानं बोलायचं आहे". त्यावर खूण केली की कारण विचारायचं नाही, शेवटी पाठवायचं. गुप्ततेला मर्यादा कुठं आहे तेही भिंतीवर लिहून लावलंय. अठराच्या आतल्या मुलामुलीनं शरीरसंबंधाबद्दल सांगितलं तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार मला ते पोलिसांना कळवावं लागतं, हे बोलायच्या आधी त्यांना ठाऊक असायला हवं. शरीराबद्दलच्या शंका, पाळी, स्वप्नदोष, आकार, भीती, यांतलं काहीच कुणाला कळवायचं नसतं. पहिल्याच महिन्यात त्या चौकोनावर खुणा करणाऱ्यांत मुलीही होत्या.

भोंदूचं काय? औषधं आणि जादूटोणा उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. लैंगिक शक्ती वाढवायच्या जाहिरातींना त्याच्या कलम ३ नुसार बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. पण जबाब द्यायला मुलगा तयार नाही, आणि मी त्याला आग्रह केला नाही. जबाबात नाव येतं, गाव येतं, आणि पैसे कशाचे होते हे आबांना कळतं. त्याचं नाव न घालता, उरलेली पुडी आणि स्टिकरचा फोटो जोडून मी लेखी तक्रार दिली आहे. तीवर चौकशी चालू आहे. त्याला तिकडं घेऊन गेलेला रूम पार्टनर अजून पुड्या घेतोय. त्यानं गेल्या आठवड्यात चौकोनावर खूण केली आणि त्याचा नंबर यायच्या आत उठून गेला.